स्वतःचाच वकील

जबलपूरच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. तिथे रोज इतकं खोटं टाइप करतो, की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचं मी केव्हाच सोडलं. त्या माणसाकडे मात्र बघावंच लागलं. खुर्ची रिकामी असूनही तो उभा राहून, एक हात पाठीमागे धरून, मजकूर सांगत होता आणि स्वतःला ‘माझा अशील’ म्हणत होता.

तो एका सरकारी गोदामातला स्टोअरकीपर. पितळ चोरल्याचा आळ आला, सहा वर्षं खटला चालला, आणि आता तो निर्दोष सुटला होता. सुटलेल्या कर्मचाऱ्याला वकिलाची फी परत द्यायची, असा त्याच्या खात्याचा नियम. त्याच फीचं बिल त्याला हवं होतं.

“वकिलाचं नाव?” मी विचारलं.

त्याने स्वतःचंच नाव सांगितलं. वकील परवडला नाही म्हणून खटला तो स्वतःच लढला होता.

“असं बिल पास नाही होत, भैया.”

“काहून नाही होत? मग मला सोडवलं कोणी?”

मी हसत तारखा टाइप करू लागलो. प्रत्येक तारखेपुढे नवख्या वकिलाला शोभेल अशी फी. एका तारखेला त्याने मला थांबवलं.

“इथे शून्य टाका. त्या दिवशी मी तापाने पडून होतो, कोर्टात आलोच नाही.”

“कोण बघायला बसलंय?”

“वकील आलाच नाही, तर फी कशाची?”

मी शून्य टाकलं. तो निर्दोष आहे हे ठरवायला कोर्टाला सहा वर्षं लागली. मला ते शून्य टाकण्याइतकाच वेळ लागला.