नाव टाकलेली पुस्तकं

नातीसाठी डबा घ्यायला गेले होते. भांड्यावर नाव कोरायचं यंत्र किरकिरलं आणि मला अकोल्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान आठवलं.

माझा भाऊ बडनेऱ्याला रेल्वेत होता. त्यानं माझ्या रेखासाठी चित्रकथांची पेटीभर पुस्तकं जमवली होती. त्यातली चित्रं काढणारा चित्रकार एकदा अमरावतीला आला, तेव्हा आम्ही सह्या घ्यायला गेलो. तो नुसती सही करत होता. आमच्याकडे नाव नसलेलं भांडं पंगतीतून परत येत नाही. मीच म्हटलं, "पोरीचं नाव बी टाका साहेब, नाही तं कोनी उचलून नेईन." त्यानं प्रत्येक पुस्तकावर मोठ्या अक्षरांत 'चि. रेखास' लिहिलं.

पुढे सलग दोन वर्षं कापूस गेला. रेखाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण फी नव्हती. सहीच्या पुस्तकांना भाव येतो असं ऐकून आम्ही पेटी अकोल्याला नेली. दुकानातल्या चाचांनी एकेक पान उलटून पाहिलं.

"बाई, नुसती सही असती तं शौकिनानं हातोहात नेली असती. नाव काहून टाकलं? दुसऱ्याच्या पोरीचं नाव कोन घरात ठेवते? याच्यापेक्षा कोरी बरी होती."

रेखानं माझ्याकडे पाहिलंही नाही. पेटी उचलून ती एस.टी.कडे चालू लागली. त्याच उन्हाळ्यात लग्न लावून तिला दर्यापूरला देऊन टाकली.

"आजी, नाव काय टाकू?" भांडेवाल्यानं विचारलं.

"काहीच नोको टाकू," मी म्हटलं.