घोडीला रॉक चालत नाही

आमच्या घरात संगीतातलं फक्त मला कळतं, आणि म्हणूनच आमच्या घरात संगीताबद्दल मला कोणी काही विचारत नाही. परवा दारावरच्या घंटीची धून निवडायची होती. बायकोचं मत घेतलं, मुलीचं घेतलं, शेजारच्या दीदींना खास बोलावून त्यांचंही घेतलं. मी तिथेच होतो. घंटीखाली, स्टुलावर, वायर जोडत!

हा बहिष्कार माझ्या धाकट्या भावाच्या, नितीनच्या, लग्नापासूनचा आहे.

तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. गावाला मंत्रालय मिळालं, लाल दिव्यांच्या गाड्या मिळाल्या, चौकाचौकात कारंजी आली. मला मात्र रॉक ऐकणारा एक माणूस मिळाला नाही. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या घरी मी कॅसेट लावली की बाबा (रेल्वेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून फलाटावरचाच) आतून ओरडायचे, "अबे, तो मिक्सर बंद कर! बातम्या ऐकू येऊन नाही राहिल्या!"

माझी मतं तेव्हाही स्पष्ट होती. रॉक म्हणजे तक्रार. जगाविरुद्धची, मोठ्या आवाजातली, पण सुरातली तक्रार. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाला ती नाही कळणार तर कोणाला? पॉप म्हणजे ज्याची तक्रार नुकतीच मिटली आहे अशा माणसाचं गाणं. आणि धुमाल म्हणजे... धुमाल आमच्या भागातल्या प्रत्येक वरातीत असते. एक ट्रक, त्यावर ढोल, ताशे, एक कीबोर्ड आणि चारी बाजूंनी भोंगे. तिला मी संगीतात धरतच नव्हतो. तो मला वाहतुकीचा प्रश्न वाटायचा.

नितीनच्या लग्नात धुमाल असणार हे घरात कोणी ठरवलंसुद्धा नव्हतं. वरातीत नवरदेव असतो हे तरी कुठे कोण ठरवतं? मी अडून बसलो.

"सख्ख्या भावाच्या वरातीत धुमाल मी होऊ देणार नाही!"

"मंग काय वाजवतं, बातम्या?" बाबा म्हणाले.

"रॉक. खराखुरा. माणसं उभी करून."

नितीन घाबरला. "दादा, रहने दे ना यार. वैशालीच्या पप्पाले मुहूर्त चुकलेला नाही चालत, तुले मालूम आहे."

वैशालीचे वडील हेडमास्तर होते. लग्न गोरज मुहूर्तावर. गायी उशिरा परतल्या तर त्यांनाही अंगठे धरून उभं करतील असा तो माणूस. बाबांनी त्यांना शब्द दिला होता, वरात वेळेवर येईल.

"मुहूर्ताची जबाबदारी माझी!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. खरं सांगायचं तर मला वरात नकोच होती, मला श्रोते हवे होते. आयुष्यात एकदा तरी माझ्या माणसांनी माझं संगीत कानात बोटं न घालता ऐकावं, एवढीच इच्छा. बाबा म्हणाले, "तुले समजते म्हन्ते ना त्यातलं? मंग तूच पाय."

मी पाहिलं. इंजिनिअरिंग कॉलेजातली केस वाढवलेली चार पोट्टी, बँडचं नाव 'आयर्न कटोरा'. (सारं छत्तीसगड धानाचा कटोरा म्हणवून घेतं, यांनी लोखंडाचा काढला. नाव ऐकूनच मला भरून आलं.) वाजवायची छान. फक्त स्टेजवर वाजवायची. गिटारला वीज लागते आणि वरात चालते, या दोन गोष्टी एकत्र कोणाच्याच डोक्यात आल्या नव्हत्या. संगीत जाणणाऱ्याच्या तर नाहीच नाही!

लग्नाच्या संध्याकाळी धर्मशाळेतून वरात निघाली ती अशी. पुढे ठेल्यावर जनरेटर, मागे दुसऱ्या ठेल्यावर ड्रम आणि ड्रमवाला, मध्ये वायरींनी जखडलेले गिटारवाले, आणि सगळ्यांच्या मागे घोडीवर नितीन. ठेला खड्ड्यात गेला की ड्रमवाल्याची काडी भलतीकडेच पडायची. जनरेटर गिटारपेक्षा जोरात वाजत होता. बाबांनी मला बाजूला घेतलं.

"हे गाणं सुरू झालं का अजून तपासूनच राहिले?"

"बाबा, हा दुसरा अंतरा आहे."

तेवढ्यात गायकाने डोळे मिटून वरचा स्वर लावला. अमरावतीहून आलेल्या कुसुमआत्याने पदर तोंडाला लावला. "काहून रडून राहिला व तो पोट्टा? घरचं कोणी गेलं काय बाप्पा त्याच्या?"

नाचायला आलेली माणसं लग्नाच्या कपड्यांत हात बांधून उभी होती. शोकसभेत असतात तशी. मी मात्र आनंदात होतो, कारण एकट्या गिटारचा सोलो सुरू होणार होता. सोलोच्या वेळी चालायचं नसतं. मी दोन्ही हात पसरून वरात थांबवली. "कोणी बोलू नका! फक्त ऐका!"

वरात थांबली ती थांबलीच. सोलो संपला, जनरेटर पुढे ढकलला, पण घोडी हलेना. नितीनने टाच मारली, घोडीवाल्याने लगाम ओढला, काही नाही.

"चलाओ ना भैया!" नितीन वरून म्हणाला.

"नहीं चलेगी साहब. बाजा कब शुरू होगा?"

"बाजा बजून राहिला ना!"

"हव?" त्याने बँडकडे बघितलं, घोडीकडे बघितलं, आणि आदबीने घोडीची मान थोपटली.

आणि मग चौकातून ती आली. लग्नाची दाट तिथी, दुसऱ्या कोणाची तरी वरात, आणि तिच्यापुढे दिव्यांनी लखलखलेली धुमाल! पहिल्याच ठोक्याला घोडीने कान टवकारले. दुसऱ्याला ती पुढच्या पायांवर नाचली. तिसऱ्याला वळली, आणि माझ्या सख्ख्या भावाला पाठीवर घेऊन त्या वरातीत शिरली!

"दादा, रोक ना इसको!" नितीन ओरडत दूर गेला.

त्याच्यामागे कुसुमआत्या गेली. मग मावस, चुलत, आते, सगळी भावंडं. "नवरदेव जिकडे, वरात तिकडे," असं म्हणत बाबाही गेले, आणि आपला व्हिडिओवाला उजेड बघून आपणहून गेला. गल्लीत मी, जनरेटर आणि आयर्न कटोरा उरलो. ड्रमवाल्याने विचारलं, "अंकल, वो वाला हमको भी आता है. बजाएँ?" तेव्हा मी अंकलही नव्हतो.

मी धावलो. घोडीपर्यंत पोचायचं तर नाचणाऱ्यांच्या गर्दीतून जायला हवं होतं, आणि भोंग्यांसमोर माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. म्हणून मी दोन्ही हात वर केले आणि थांबा, थांबा अशी खूण करत शिरलो. त्या परक्या मंगल भवनाच्या दारात दोन नवरदेव एकदमच पोचले. तिथल्या विहीणबाईंनी दोघांनाही ओवाळलं. कुसुमआत्या तोवर गुलाबजामपर्यंत पोचली होती.

आम्ही आमच्या मांडवात आलो तेव्हा गोरज केव्हाच उलटून गेली होती. हेडमास्तर दारात उभे होते. ते बाबांकडे बघून म्हणाले, "शब्द दिला होता तुम्ही." बाबांनी मान खाली घातली. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडलेला माणूस. ते दृश्य मला अजून सलतं, आणि त्यावर मला एकही विनोद सुचत नाही. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागलं, वैशालीचे डोळे सुजलेले होते, आणि नितीन पावसाळा संपेपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

आता मंत्रालयही नव्या रायपुरात गेलं. रुंद, रिकाम्या रस्त्यावरून कचेरीत जाताना मी गाडीत एकटाच रॉक ऐकतो. तक्रार तीच, ऐकणारा तोच. नितीन आता बोलतो, हसतोही, पण दर दिवाळीला लग्नाची सीडी लावतो. नवरदेव त्यात जेमतेम दिसतो. दिसतो तो मी, धुमालच्या अगदी पुढे, दोन्ही हात वर! माझी मुलगी तिथेच चित्र थांबवते आणि मैत्रिणींना सांगते, "पापा बहुत अच्छा नाचते थे."

मी दरवेळी शांतपणे समजावतो की हात मी वरात थांबवायला वर केले होते. हे अगदी खरं आहे. मग ती सीडी पुन्हा सुरू करते, सगळे माझ्या पायांकडे बघतात, आणि त्या पायांचं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.