नलूअक्का आणि क्षयाची भावकी

दिघीतल्या आमच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची होती, तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा: पाणी किती वेळ येतं आणि गाडी कुठे लावायची. नलूअक्का आल्या त्या सरळ न्हाणीघरात गेल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाई बाहेर येईनात. मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, मला डोळ्यांनी खुणावलं. मी दारातून डोकावलो. बादली पालथी घालून बाई तिच्यावर उभ्या होत्या. शॉवरची जाळी फिरवून काढलेली, आणि एका लांब काडीला गुंडाळलेल्या कापसाने आतला बुळबुळीत थर खरवडून छोट्या नळीत भरणं चाललं होतं.

"गळतोय का हो?" मी विचारलं.

"नाही की. लई छान जमलंय आत," त्या वरूनच म्हणाल्या. "किती वर्षं धुतला नाही?"

हे कौतुक आहे की टोमणा ते मला कळेना. मी खरं ते सांगून टाकलं, "बांधल्यापासून."

"मग घेतली खोली," अक्का म्हणाल्या आणि बादलीवरून उडी मारून उतरल्या.

अक्का मूळच्या परभणीकडच्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, अंगाने काडीसारख्या आणि आवाजाने भोंग्यासारख्या. सांगवीच्या पुढे एका प्रयोगशाळेत त्या जंतू ओळखायचं काम करत. क्षयाचा संशय असलेल्यांच्या थुंकीचे नमुने तिथे येतात हे कळल्यावर मंगलने त्यांना दिलेला चहाचा कप तीनदा धुतला. अक्कांनी ते पाहिलं आणि मोठ्याने हसल्या.

"मंगल, अगं मी क्षयवाली नाही. मी त्याच्या भावकीवाली," त्यांनी मांडी घालत सांगितलं. "क्षयाच्या जंतूची भावकी लई मोठी. शंभराच्या वर घरं. मातीत राहतात, नळात राहतात, तुमच्या शॉवरात राहतात. बहुतेक गरीब बिचारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रंग देऊन काचेखाली बघितलं की सगळे सारखेच, लाल काड्या. बघणारा म्हणतो, आला क्षय! आता आमच्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव एकच आहे. एकाने कोंबडी चोरली मनून सगळ्या आडनावाला चौकीत बसवायचं का? आडनाव कळलं, बरं झालं. आता नाव सांगा, गाव सांगा!"

नाव-गाव शोधण्यासाठी त्या जंतूचा सबंध जीनोम वाचत, म्हणजे त्याच्या घडणीचा मजकूर अक्षर न् अक्षर. "स्थळाची चौकशी करतो ना, तसं," त्या म्हणत. "नुसता फोटो बघून पोरगी देता का कुणी? घराणं काढायचं, मामा कोण ते बघायचं, आधी कुठल्या गावात काय करून आलेत ते विचारायचं."

ही आडनावाची गोष्ट त्या कुठेही लावत. मंगल म्हणाली, पोट दुखतंय, की अक्का म्हणत, "पोट हे आडनाव झालं. नाव सांग." भाजीवाला म्हणाला, मेथी ताजी आहे, की त्याचीही उलटतपासणी. एकदा मी नुसतं म्हणालो, "आज मूड नाही," तर मला पाऊण तास बसवून त्या मूडचं गाव शोधलं. ते माझी सासुरवाडी निघालं. मंगल दोन दिवस बोलली नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण या गोष्टीतला गाढव मी आहे.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. संगणकावर चालणारी दोन सीएनसी मशीन, तीन जुनी लेथ, सहा माणसं. चाकणच्या कंपन्यांना लागणारे बारीकसारीक भाग आम्ही करून देतो. धातू कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. ते मशीनच्या खालच्या टाकीत जमतं आणि पुन्हा वर फिरतं. रविवारच्या सुट्टीत ते सडतं, आणि सोमवारी सकाळी आमच्या अख्ख्या गल्लीला नासक्या अंड्यांचा वास सुटतो. फक्त माझ्या शॉपमध्ये वास येत नसे. ही माझी कीर्ती होती. डब्यावर लिहिलेल्या मापाच्या दुप्पट जंतुनाशक मी दर शनिवारी टाकीत ओतत असे. आणि टाकी पूर्ण रिकामी कधीच करत नसे. दह्याला विरजण ठेवावं तसं जुनं थोडं ठेवून वर नवं ओतायचं. शेजारचे शॉपवाले चहाच्या टपरीवर मला विचारत, "राव, काय करता तुम्ही?" मी कृती सांगत असे. आग्रहाने सांगत असे. दसऱ्याला मशीनला झेंडूची माळ घालताना टाकी हुंगून पाहण्याचं आमंत्रणही देत असे.

पहिल्या नंबरचं मशीन माझा धाकटा भाऊ दिलीप चालवायचा. दिल्याची खासियत म्हणजे तोंड. मशीनच्या आवाजावर चढून तो आठ तास मला शिव्या देऊ शकत असे, आणि त्याही न अडखळता. अक्का राहायला आल्या त्या वर्षी दिल्या हळूहळू गप्प होत गेला. आधी खोकला, मग संध्याकाळचा ताप, मग वजन. एका वाक्यात तीनदा थांबून श्वास घ्यायचा. फोटोत छातीभर धूसर सावली आली. थुंकीत लाल काड्या सापडल्या.

बस. दिल्याने त्याच दिवशी आपलं ताट वेगळं केलं आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मुक्काम हलवला. दिवसा तोंडाला रुमाल बांधून मशीनवर, आणि घरी त्याची पोरगी जिन्यात आली तरी लांबूनच हात हलवून तिला परत पाठवायचा. पुढची बारीक तपासणी आली ती म्हणाली, क्षय नाही. डॉक्टर भले माणूस, पण तेही चक्रावले. "काड्या तर आहेत. आणि हा दिवसेंदिवस खालावतोय," ते मला म्हणाले. "क्षयाची औषधं सुरू करून बघू. जास्त थांबलो तर छाती कायमची जाईल."

मी हे अक्कांना जिन्यात सांगितलं. त्या दोन दोन पायऱ्या टाकत गच्चीवर. मी मागे.

"दिलीप, सोमवारी कसा असतोस?" अक्कांनी विचारलं.

"मेल्यागत."

"आणि रविवारी?"

"बरा. संध्याकाळी जरा जास्तच बरा."

"गणपतीत पाच दिवस शॉप बंद होतं तेव्हा?"

दिल्याने आठवलं. श्वास घेतला. "शेवटच्या दिवशी आरती म्हटली. ओरडून."

अक्कांनी टाळी वाजवली आणि जागेवर चक्क उडी मारली. अंथरुणातल्या माणसासमोर इतकं खूश झालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "भावकीतला आहे!" त्या ओरडल्या. "आणि तुझ्या शॉपात राहतो!"

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि औषध सुरू करण्याआधी थोडे दिवस मागून घेतले. डॉक्टर म्हणाले, देतो, पण एका अटीवर: तोवर याने मशीनजवळ फिरकायचं नाही आणि त्रास वाढला तर थेट दवाखान्यात. दिल्याची थुंकी प्रयोगशाळेत गेली. दुसऱ्या दिवशी अक्का बाटल्यांची पिशवी घेऊन भोसरीला हजर.

"हुंगा," मी टाकीचं झाकण उघडून म्हणालो. मला राहवलं नाही.

त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. "वासच नाही की हो भाऊ!"

"बघा!" मी म्हणालो, आणि दुप्पट जंतुनाशक, विरजण, सगळं पाठ म्हणून दाखवलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. आता ही कृती कुठेतरी छापून येणार अशी माझी समजूत झाली.

मग सुरू झाली वाट. दिल्याचा नमुना एका बशीत वाढायला ठेवला, टाकीतला दुसऱ्या. अक्का रोज दुपारी फोन करत. "आज काही नाही." "आजही नाही." चौथ्या दिवशी मी बँकेच्या रांगेत असताना त्यांचा आवाज फोनमधून आजूबाजूच्यांनाही ऐकू गेला: "भाऊ! ठिपके आलेत! दोन्ही बशांत! टाचणीच्या टोकाएवढे! पेढे आणा!" रांगेतल्या आजोबांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "जुळे का?" मी हो म्हणालो. समजावून सांगण्यात वेळ गेला असता.

पण मजकूर वाचायचा तर जंतू फोडायला हवा, आणि हा सगळा गोतावळा मेणाचा कोट घालून फिरतो. साध्या उपायांनी फुटत नाही. काचेच्या बारीक मण्यांबरोबर नळीत घालून भयानक वेगाने हलवावं लागतं. ते हलवायचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं, आणि दुरुस्तीवाला येणार पुढच्या महिन्यात. गच्चीवर अक्का पहिल्यांदाच तोंड पाडून बसलेल्या मी पाहिल्या. "तेवढा वेळ दिलीपपाशी नाही," त्या म्हणाल्या.

"वेग किती? आणि हलवायचं कसं, गोल की पुढेमागे?" पत्र्याच्या खोलीतून दिल्याचा आवाज आला.

"पुढेमागे. शिवणयंत्राच्या सुईसारखं."

दिल्या उठून बसला. "जिगसॉ," तो म्हणाला. लाकूड कापायची ती विजेवरची करवत. पातं काढायचं आणि त्या जागी नळ्या धरणारी पकड बसवायची. त्याने वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं. मी नायलॉनचा तुकडा घेऊन शॉपमध्ये जायला निघालो तर मागून, श्वास घेत घेत, "दादा, भोक... अकराचं घे. तू दहाचं घेशील. तुला... अक्कल नाही." दोन महिन्यांत पहिली शिवी. मंगल जिन्यात डोळे पुसत होती.

मी दहाचंच घेतलं होतं. ते मोठं केलं. शॉपमध्ये नळ्यांत साधं पाणी भरून पहिली चाचणी घेतली. पकड सुटली, एक नळी कॅलेंडरमधल्या मारुतीवर आपटली आणि दुसरी माझ्या चहात पडली. दुसऱ्या वेळी जमलं. अक्कांनी जिगसॉ छातीशी धरून रिक्षाने सांगवी गाठली. जंतू आधी तापवून मारलेले होते. जिवंत जंतूंवर असले खेळ करायच्या त्या नव्हत्या. पण त्या शांत, पांढऱ्या, कुजबुजत बोलणाऱ्या प्रयोगशाळेत भोसरीचा खडखडाट सुरू झाला तेव्हा वरच्या मजल्यावरचे साहेब धावत खाली आले म्हणे. अक्कांनी त्यांच्याच हातात घड्याळ दिलं आणि सेकंद मोजायला लावले.

पुढचं काम स्टेपलरएवढ्या एका यंत्राने केलं. पन्नास लाखांच्या वर अक्षरं, दोनदा. एकदा दिल्याच्या छातीतली, एकदा माझ्या टाकीतली.

जिगसॉ नेल्यापासून चौथ्या दिवशी, भर दुपारी, रिक्षा पूर्ण थांबायच्या आत अक्का उतरल्या आणि फाटकातूनच ओरडत आल्या. "सापडला! आडनाव मायकोबॅक्टेरियम! नाव इम्युनोजेनम! गाव भोसरी, मशीन नंबर एक! छातीतला आणि टाकीतला, दोघं एकच! अहो जवळजवळ अक्षर न् अक्षर!" गच्चीवर जाऊन त्यांनी दिल्याला मिठीच मारली. त्याने घाबरून तोंड फिरवलं. "फिरवू नको," अक्का म्हणाल्या. "तुझ्याकडून कुणाला काही होणार नाही. पोरीला बोलव वर. हा तुला खायला आलेला नाही रे. मशीनच्या तुषारातून रोज छातीत जायलाय, आणि छाती त्याच्यावर चिडलीय. तुषार बंद, भांडण बंद."

पोरगी आली. सगळे हसत होते. मीही हसत होतो आणि हसता हसता विचारून बसलो, "पण माझ्या टाकीत कसा? मी तर दुप्पट..."

अक्का थांबल्या. मग हळू सांगितलं. "वास सोडणारे जंतू तुमच्या औषधाने मेले, भाऊ. मेणाच्या कोटवाल्याला त्याचं काय! तुम्ही सगळं रान त्याला मोकळं करून दिलं. आणि विरजणही ठेवत गेलात. वास येत होता ती गल्ली बरी होती."

मी कठड्यावर बसलो. भावाची छाती मी माझ्या हाताने, मापाच्या दुप्पट, दर शनिवारी खराब केली होती. दिल्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला बरंच काही बोलायचं होतं, दम नव्हता. ते त्याच्या डोळ्यांत दिसत असताना सहन करणं फार कठीण गेलं.

"रडायचं नंतर," अक्का माझा दंड धरून म्हणाल्या. "आधी टाकी."

तीन दिवस शॉप बंद ठेवून आम्ही टाक्या तळापर्यंत रिकाम्या केल्या, तोंडाला मुसक्या बांधून. कोपऱ्यांतून सायीसारखे थर निघाले. मशीनवर झाकणं आणि तुषार ओढणारे पंखे आले. मग मी गल्लीतल्या एकेका शॉपमध्ये गेलो आणि दिलेला सल्ला परत घेतला. अकरा ठिकाणी "मी गाढव आहे" हे वेगवेगळ्या शब्दांत सांगणं सोपं नसतं. अक्का सोबत होत्या. माझं सांगून झालं की त्या आनंदाने पुढे होत. "झालं का यांचं? आता तुमची टाकी उघडा."

डॉक्टरांनी क्षयाची औषधं बाजूला ठेवली आणि छातीची सूज उतरवणारं औषध दिलं. दिल्या सुधारला, पण बेताबेताने. मशीनवर तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही. ती छाती आता तो तुषार ओळखते, अक्का म्हणाल्या. तो चिंचवडला एका ऑफिसात बसून मशीनचे प्रोग्रॅम लिहितो. पहिले काही महिने त्याच्याशी बोलताना मीच श्वास रोखून धरायचो.

वर्षभराने अक्कांना नागपूरला बोलावणं आलं. तिथे अशीच नवी प्रयोगशाळा उभी करायची होती. निघायच्या दिवशी टेम्पो दारात लागला आणि त्यांचं लोखंडी कपाट उतरवायला मी, दिल्या आणि टेम्पोवाला लागलो. दुसऱ्याच पायरीवर माझा हात निसटला.

"आरं दादा, धर की नीट, बायकोचं माहेर हाय का ते, सोडून पळायला?" दिल्या सुरू झाला. "वर्कशॉप चालवतोस आणि एक कपाट धरता येईना, त्या टाकीत विरजण लावलंस तेव्हा हात बरे चालले, लहानपणी माझा पतंग सोडलास तसाच सोड आता, तुझ्यापेक्षा ती जिगसॉ शहाणी..."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खाली उभ्या असलेल्या अक्कांनी हात वर केला.

"भाऊ, मधे बोलू नका," त्या मनगटावरच्या घड्याळावरून नजर न काढता म्हणाल्या. "मी याचा दम मोजायलेय."

मी कपाटाची कड पुन्हा धरली. दिल्या माझं लग्न, माझं ड्रायव्हिंग, माझी दहावीची मार्कशीट घेत एकेक पायरी उतरत होता. कपाट टेम्पोत चढलं तरी तो कुठे थांबला नव्हता. अक्कांनी घड्याळावरचा हात खाली घेतला, मंगलच्या पदराला आपले डोळे पुसले आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

टेम्पो वळणाआड गेला. दिल्याचं चालूच होतं. मी फाटक लावून घेतलं आणि पायरीवर बसून पुढचं ऐकत राहिलो.