गाडीवान चाचाकडंच काहून जायचे

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळंना झालं अन् औंढ्यातल्या एका शेठची लारी त्याच्याच अंगणात उभी राहिली. तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. तवापासून आमच्या भागात गाडीवानाला नवरदेवाचा भाव आला. घाईचा माल तर रोजच निघायचा. शिरड शहापूरकडच्या मळ्यांतली खायची पानं औंढ्यावरून त्याच दिवशी हिंगोलीच्या बाजारात पोचली पायजेत, न्हाईतर दुसऱ्या दिवशी पिवळी. मंग ज्याच्यापाशी पळणारे बैल अन् हलका छकडा, त्याला शेठ सोता हाक मारायचा, "या मालक, बसा."

मालक म्हणून राहिला मला. मला, ज्याला घरात माय अजून "ए पोरगं" म्हणायची.

त्याच पाडव्याला माझ्या बानं कासरा माझ्या हातात दिला होता. बाचे गुडघे गेले होते, छकड्यावर चढता-उतरताना त्याला तकलीफ व्हायची. जोडी मोठी देखणी. डावीकडं तांबडा, तरणा, जरा अवखळ. उजवीकडं पांढरा, वयानं मोठा अन् शहाणा. बा दोघांच्या मधी उभा राहून म्हणला, "पोळ्यापर्यंत बैल तुझे. खांदमळणीच्या सांजी मी माझ्या हातानं खांदे बघीन. धड असले तर तू गाडीवान. न्हाईतर जोडी काकाच्या औताला, अन् तू बी तिच्या मागं."

बा एकदा बोलला की बोलला. अन् मला औत नको होतं हो. मला रस्ता पायजे होता. हिंगोलीचा बाजार, तिथली हाटेलं, घुंगरांचा आवाज ऐकून बाजूला होणारी माणसं, हे सगळं पायजे होतं. म्हणून पोळा येईपर्यंत दोन खांदे सांभाळायचे, एवढंच माझं काम. सोपं वाटलं मला.

मी शेठकडं गेलो. का न जावं? भाडं सगळ्यांत जास्ती त्याचं. अन् दारात गेल्या गेल्या चहा, गुळाचा न्हाई, साखरेचा. नव्या गाडीवानाला गुलाबी फेटा. मी तो फेटा बांधून गावात शिरलो तवा आमच्या शेजारची म्हातारी म्हणली, "कोणाचं लगीन हाय रे?" मला लई बरं वाटलं.

पण ऐका, तिथं काय व्हायचं. सकाळी जाऊन उभं राहायचं. माल आलेला नसायचा, न्हाईतर आलेला असायचा पण मुनीम म्हणायचा, "थांबा, अजून चार करंड्या येऊन राहिल्यात, भरूनच जा." बैल जुपलेले, ऊन डोक्यावर, जू खांद्यावर तसंच. मी सोडायला गेलो की मुनीम म्हणायचा, "सोडता कशाला, आत्ता निघायचं." ते आत्ता दुपारी यायचं. मंग एकदम शेठ बाहेर पळत यायचा, "पळवा, पळवा, बाजार उठून राहिला." अन् छकड्यात इतका माल की दांड्या वाकायच्या. मंग काय, चाबूक. लारी दिवसभर उभी राहिली तरी तिला काय होत न्हाई, किल्ली फिरवली की पळती. शेठच्या डोक्यात आमी सगळे लारीच होतो. माणूस वाईट न्हाई हो तो, चहा मनापासून पाजायचा.

उन्हाळा सरता सरता तांबड्याच्या खांद्यावर सूज आली. हात लावला की कातडी थरथरायची. मी घरी गेलो की त्याला बापासून लांब, गोठ्याच्या पल्याडच्या कोपऱ्यात बांधायचो. पोळा म्हणजे काय लांब राहिला होता?

अन् एक गोष्ट मला रोज दिसायची. शेठच्या दारातून चांगले चांगले गाडीवान उठून जायचे ते नागनाथाच्या देवळामागं एका चाचाकडं. चाचा म्हणजे बुटका, पिकल्या दाढीचा म्हातारा, एका डोळ्यानं कमी दिसायचं त्याला. पानांचाच धंदा. फेटा न्हाई, काही न्हाई. एक दिवस आडावर बैलाला पाणी पाजताना मी शिरडच्या एका मिशाळ गाडीवानाला विचारलंच.

"मामा, चाचा भाडं जास्ती देतो का?"

"न्हाई. शेठपेक्षा कमीच."

"चहा?"

"त्याची बीबी करती. पाण्यावानी."

"मंग काहून जाता?"

"तू लई सवाल करून राहिला. माणूस सासरवाडीला काहून जातो?"

"बायको आणायला."

"तुझी अजून झाली न्हाई, तुला न्हाई समजायचं," असं म्हणून त्यानं मिशीवरचं पाणी पुसलं, अन् मंग तांबड्याकडं बघून हळूच म्हणला, "पण ह्याला समजंल. ह्याला घेऊन जा."

मी गेलो. चाचानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. सरळ तांबड्यापाशी गेला, जू वर उचललं, खाली तळहात सरकवला अन् डोळे मिटून उभा राहिला, हकीम नाडी बघतो तसा. तांबडा मागं सरकला.

"बेटा," चाचा म्हणला, "तुला घेतो. ह्याला न्हाई."

"बैलाबिगर मी काय करू चाचा?"

"ते बघू. माझा म्हातारा बैल हाय, पांढऱ्यासंगं त्याला जूप."

मी खुशीत त्याचा म्हातारा बैल आणला अन् तांबड्याच्या जागी, डावीकडं, जुपला. अन् तो हलंना. कासरा ओढला तर आडवा होऊन पांढऱ्यालाच ढकलू लागला. अंगणातले गाडीवान एक एक करून तंबाखू मळायचं थांबले. कोणी म्हणलं, "नवरी मांडवात अडली." चाचा आला, कपाळाला हात लावला. "अरे, हा जनमभर उजवीकडं चालला. ह्याला डावं काय म्हाईत?" मंग बाजू बदलली. म्हातारा उजवीकडं गेला अन् गपगार उभा राहिला, मोठा साहेबच. पण आता पांढरा डावीकडं आला होता. माझा शहाणा पांढरा. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं अन् चिखलात खाली बसला.

बैलाची बाजू बदलत न्हाई, हे आमच्याकडं लेकराला बी म्हाईत असतं. दोन उजवे घेऊन मी निघालो होतो हिंगोलीला. पुढं लई दिवस मला चाचाच्या अंगणात "दोन उजवे" म्हणूनच हाक मारायचे.

मला वाटलं चाचा आता म्हणणार, जा घरी. पण तो म्हणला, "तांबड्याच्या खांद्याची सूज उतरंपर्यंत करंड्या भिजव. रोटी इथंच खा." चाचीनं हळद अन् तेल कोमट करून वाटीत दिलं. मी करंड्यांवर पाणी शिंपडायचो, केळीची पानं घालायचो, अन् मधी मधी तांबड्याला हळद लावायचो. तिथं बसल्या बसल्या मला समजू लागलं.

शिरडहून निघालेली गाडी चाचाच्या अंगणात आली की तिचे बैल तिथंच सुटायचे. करंड्या उचलून औंढ्याच्या छकड्यात, अन् हिंगोलीचा रस्ता ताज्या बैलांनी तोडायचा. कोणी कोणाची वाट बघत थांबायचं न्हाई. ज्याची पाळी त्यालाच माल, मंग तो चाचाचा जावई का असंना. चार करंड्या राहिल्या तर राहिल्या, मागच्या छकड्यात जायच्या. अन् दारात लाकडी खुंट्या होत्या. निघताना प्रत्येकानं आपला चाबूक तिथं अडकवायचा, परत येताना घ्यायचा. मी पहिल्यांदा विचारलं, "अन् रस्त्यात बैल थांबला तर?" चाचा म्हणला, "थांबला तर तू बी थांब. काही तरी बघून थांबला असंल." गंमत म्हणजे चाचाची पानं शेठच्या पानांच्या आधी बाजारात उतरायची. बैल ताजे, ओझं बेताचं, सकाळच्या गारव्यात निघालेले, पळणारच की.

आखाडात तांबडा बरा झाला. मी चाबूक खुंटीला अडकवला अन् निघालो. सुरुवातीला हात रिकामा रिकामा वाटायचा. मंग मी गाणं म्हणू लागलो, अन् माझा आवाज असा हाय की त्यानंच बैल पळू लागले असतील.

इकडं शेठच्या कानावर खुंट्यांची गोष्ट गेली. त्याला वाटलं, ह्यातच सगळं हाय. त्यानं लगेच हिंगोलीहून पितळी खुंट्या आणल्या, भिंतीला रंग दिला, वर झेंडूचा हार. गाडीवानांनी चाबूक अडकवले, चहा पिले, अन् रोजच्यासारखे दुपारपर्यंत उभे राहिले. मंग शेठ ओरडला, "पळवा." अन् मुनीम सगळे चाबूक काखेत मारून गाड्यांच्या मागं पळत सुटला, "घ्या हो, घ्या, उशीर होऊन राहिला." आमी पोटं धरून हसलो. मला शेठची कीव बी आली. बिचाऱ्यानं खर्च केला होता.

मंग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या सांजी खांदमळणी. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं अन् बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्यानंतर पोळा होईपर्यंत खांद्यावर जू ठेवायचं न्हाई. चाचानं मळेवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, दोन दिस पानं वेलीवरच राहू द्या. अन् आमाला म्हणला होता, "उद्या कोणी बैल घेऊन माझ्या दारात आला तर मी त्याचं तोंड बघणार न्हाई."

मायनं वाटीत हळद-लोणी कालवून आणलं, बा बाही वर करून गोठ्याकडं निघाला, अन् मी वाटी घेऊन त्याच्या मागं. तेवढ्यात शेठचा मुनीम सायकल ढकलत दारात. गुडघ्यापर्यंत चिखल.

"एक खेप हाय हिंगोलीची. दुप्पट भाडं. आवतण काय, आल्यावर द्या, बैल काय घड्याळ बघतेत?"

बानं त्याला खाली-वर बघितलं. "मुनीमजी, तुमाला जेवायला बोलावलं अन् दारातूनच औताला जुपलं तर?"

मुनीम सायकल भिंतीला लावून ओट्यावर बसला. "मला बी तेच वाटून राहिलं होतं. पण शेठनं धाडलं, आलो. पाणी द्या जरा."

मायनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला. बा गोठ्यात शिरला. पांढऱ्याचा खांदा बघितला, मान हलवली. मंग तांबड्यापाशी गेला. हळद हातावर घेतली अन् थांबला. सूज गेली होती, पण जिथं ती होती तिथं केस पांढरे उगवले होते. तांबड्या अंगावर रुपयाएवढा पांढरा डाग. तो लपवता येत न्हाई.

"हे काय?"

मी सगळं सांगितलं. ऊन, वाट बघणं, शेवटच्या चार करंड्या, चाबूक, कोपऱ्यात बांधलं ते बी. बा ऐकत राहिला, अन् ऐकता ऐकता त्याचा अंगठा त्या डागावर दाबत राहिला, आधी हळू, मंग जोरात. मी तांबड्याच्या कातडीकडंच बघत होतो. ती थरथरली न्हाई. उलट त्यानं मान खाली घातली अन् सगळं वजन बाच्या हातावर टाकलं, अजून चोळ म्हणल्यावानी.

"शेठकडं आलं अन् चाचाकडं गेलं, असं?"

"व्हय."

बानं परत वाटीत बोटं घातली. लोणी जिरंपर्यंत दोन्ही खांदे चोळले, मंग हात जोडून दोघांना म्हणला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ओट्यावरून मुनीमानं बी हात जोडले.

मी वाटी घेऊन तसाच उभा. बा गोठ्याच्या मेढीला धरून सरळ झाला, गुडघा चोळला.

"पोळा झाल्यावर चाचाकडं किती वक्ताला निघायचं असतं?"

"कोंबड्याच्या आधी."

"मला उठव. तांबड्याच्या गळ्याचा पट्टा मी बांधून देतो. तू लई आवळतू."