आयव्ही मिंगेलचा अंबाडा

आयव्ही मिंगेल हे नाव ऐकलं की गुंगालिनला नवीन आलेली मराठी मंडळी तिच्याशी हटकून इंग्रजीत बोलायला जातात. ती त्यांना दोन वाक्यं बोलू देते आणि मग म्हणते, "मराठीत बोला हो, मी वसईची आहे, लंडनची नाही." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय, तरी दर वेळी मला हसू आवरत नाही.

मी उल्हास. चिंचवडच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होतो, आता कॅनबेराच्या उत्तर टोकाला या गुंगालिनमध्ये सतरा वर्षांच्या पोरांना वायरिंग शिकवतो. आमचं यलो बॉक्स ट्रेड कॉलेज म्हणजे अकरावी-बारावीची छोटीशी शाळा. आधी तिथे कार्पेटचं शोरूम होतं, त्यामुळे रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आधीच्या शाळेनं 'तुझ्याच्यानं व्हायचं नाही' हे गोड शब्दांत सांगून झालेलं असतं. दोन वर्षांनी तीच मुलं इलेक्ट्रिशियन, सुतार, हेअरड्रेसर व्हायच्या वाटेला लागून बाहेर पडतात. तेव्हा आयव्ही तिथली प्रिन्सिपल, मी डेप्युटी. ती शांत आणि मी तापट, हे सगळ्या शाळेला माहीत. मी कुणाला झापलं की पोरं सरळ तिच्याकडे तक्रार घेऊन जात, आणि ती मला स्टाफरूममध्ये गाठून मराठीत झापे.

ही बाई सकाळी दाराशी उभी असायची. कॅनबेराची जुलैतली थंडी, गवतावर दव गोठलेलं, आणि ही हातात चहाचा मग घेऊन प्रत्येक पोराला नावानं हाक मारणार. कोण आलं नाही हे तिला लगेच कळायचं. टेगन नावाची एक मुलगी होती हेअरड्रेसिंगला, ती सारखी दांड्या मारायची. आयव्हीनं फोन केले, मेसेज केले, आणि एक दिवस सरळ तिच्या घरी जाऊन तिला पायजम्यात गाडीत घालून आणलं. नियमात बसतं का हे? अजिबात नाही. मी तसं म्हटलंही. आयव्ही म्हणाली, "तू वायर बघ."

आणि तिचा तो अंबाडा! सहा वर्षांत मी तिचे केस मोकळे पाहिले नव्हते. मानेवर हा एवढा मोठा, पांढऱ्या-काळ्या केसांचा. आत किती पेनं मावतील यावर पोरी पैजा लावायच्या. तिला ते ऐकू जात नाही असं त्यांना वाटायचं. आयव्हीला सगळं ऐकू जायचं.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलअखेरीला तिची आई वसईत, गास गावात, कोविडनं गेली. ते दिवस आठवले तरी माझं डोकं फिरतं. तिकडे ऑक्सिजनसाठी लोक वणवण करत होते, आणि इकडे सरकारनं भारतातून येणारी विमानंच बंद केलेली. आपलेच नागरिक परत आले तर तुरुंगात टाकू, अशी भाषा! आयव्हीला जायचं होतं. जायची परवानगी मागता आली असती, पण परत यायचं कसं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या बोर्डाचा चेअरमन वॉरन तिला म्हणाला, "नको जाऊस, आयव्ही. शहाणपणाचं नाही ते." सगळेच तसं म्हणाले. मीही म्हणालो. ती गेली नाही. आईची माती तिनं फोनच्या पडद्यावर पाहिली, तीही मधेच अडकत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मग घेऊन पुन्हा दाराशी उभी राहिली. नवऱ्यानं, ड्वेननं, सुट्टी घे म्हणून हात जोडले, पण छे.

ऑगस्टमध्ये कॅनबेराला लॉकडाउन लागला आणि शाळा पडद्यावर गेली. वायरिंग पडद्यावर शिकवायचं म्हणजे काय, ते मी इथे सांगत बसत नाही; माझंच तोंड खराब होईल. सगळ्यात वाईट हाल झाले हेअरड्रेसिंगच्या बारावीच्या पोरींचे. त्यांच्या कोर्सचा नियम सरळ होता: केस जिवंत माणसाच्या डोक्यावर कापून दाखवायचे, ट्रेनरसमोर. प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर किती का कापा, ते धरत नाहीत. प्रत्येकीचे एकदोन कट राहिले होते, नोव्हेंबरात वर्ष संपत होतं, आणि बाहेरच्या माणसांना शाळेत बंदी होती.

टेगनचा एकच राहिला होता, पण सगळ्यात अवघड. कमरेपर्यंतचे लांब केस हनुवटीपर्यंत आणायचे, दोन्ही बाजू तंतोतंत. बेलकॉनेनच्या एका सलूननं तिला शब्द दिला होता: डिसेंबरच्या आत सर्टिफिकेट आण, अप्रेंटिस म्हणून घेतो. तिच्या घरात शाळा पूर्ण केलेलं आजवर कुणी नव्हतं. आणि पोरीचे हात थरथरायचे. ट्रेनर समोर उभी राहिली की कात्री लटपटलीच.

सप्टेंबरअखेरीस बोर्डाची ऑनलाइन मीटिंग झाली. वॉरन माणूस वाईट नाही, हे मी दात-ओठ खात का होईना, सांगतो. पण धोका या शब्दानं त्याला घाम फुटतो. तो म्हणाला, बारावी ऑक्टोबरात शाळेत परत येईल, पण अंगाला हात लागेल असं कुठलंच प्रॅक्टिकल या वर्षी होणार नाही. हेअरड्रेसिंगच्या मुलींना ऑफिस-कामाच्या ऑनलाइन कोर्सला टाकू. चार क्विझ दिल्या की सर्टिफिकेट हातात.

दोन वर्षं कात्री धरलेल्या पोरींना ऑफिस-कामाचा कागद! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मी तोंड उघडलं, पण त्याआधी आयव्ही बोलली. ती मीटिंगमध्ये फारसं बोलत नसे.

"नाही, वॉरन."

वॉरनला वाटलं नेट खराब आहे. त्यानं परत विचारलं. ती परत म्हणाली, "नाही." मग त्यानं विषय बदलला आणि संध्याकाळी लेखी हुकूम पाठवला.

त्यानंतर पाच मिनिटांत आयव्हीचा मला फोन. "उल्हास, आपल्याकडे डोकी किती आहेत?"

"कसली डोकी?"

"केसवाली. बाहेरच्यांना बंदी आहे ना? स्टाफ बाहेरचा नाही. सरकारच्या नियमात आतल्या माणसांबद्दल काही नाही, मी सगळं वाचलंय. मास्क लावू, खिडक्या उघडू. अडवतोय तो फक्त वॉरन."

"तो काढून टाकेल तुला."

"टाकू दे. मागच्या वेळी मी सगळ्यांचं ऐकलं, उल्हास. काय मिळालं मला?"

 त्या वेळी 'नको जाऊ' म्हणणाऱ्यांत मीही होतो ना.

ऑक्टोबरात बारावी परत आली. त्या आठवड्यात हेअरड्रेसिंगची ट्रेनर ग्लेनिस स्टाफरूममध्ये फिरून एकेकाच्या डोक्यात बोटं घालून बघत होती, बाजारात वांगी बघतात तशी. लॉकडाउनमुळे सगळ्यांचीच जंगलं झाली होती. सुतारकामाचा मास्तर, ऑफिसातली बाई, इंग्रजीची टीचर, सगळे तयार. माझ्यापाशी येऊन तिनं माझ्या गुळगुळीत टकलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझा काही उपयोग नाही, मेट." अख्खी स्टाफरूम फिदीफिदी हसली. मग म्हणाली, "पण लांब केस कुणाचेच नाहीत. टेगनचं काय करायचं?"

आयव्हीनं मानेमागे हात नेला आणि काटे काढले.

आई गं! कमरेच्याही खाली केस. इंग्रजीच्या टीचरचा हात तोंडावर गेला. मला कुठे बघावं कळेना.

ते केस तिच्या आईनं वाढवलेले, हे मला एकट्यालाच माहीत होतं. शनिवारी तेल, रविवारी चर्चला जाताना घट्ट वेणी, लग्न होईपर्यंत आईचाच हात. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आयव्ही, वेडी आहेस का? दुसरं काहीतरी बघू." ती म्हणाली, "माझं डोकं, माझे केस, माझी शाळा. तू दाराशी उभा राहा, आणि हे बघ, भांडू नकोस."

तिला लपूनछपून काही करायचं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी पावणेदहाला तिनं स्वतःच वॉरनला कळवलं: आज दहा वाजता सुरू करतोय. त्याला रेड हिलहून यायला अर्धा तास तरी लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहाच्या ठोक्याला सगळ्या पोरींनी एकदम कात्र्या उचलल्या.

सगळ्यांनी म्हणजे, टेगन सोडून सगळ्यांनी. ती आयव्हीच्या मागे उभी होती, हातात तो केसांचा शेपटा धरून, आणि मास्कच्या वर तिचे डोळे भरले होते. "मिस, मला नाही जमणार."

आयव्हीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती इंग्रजीत बोलली, पण इतकं हळू की मी दारातून दोन पावलं आत आलो तेव्हा कळलं.

"टेगन, एप्रिलमध्ये माझी आई गेली. हे केस तिनं वाढवलेत. तिच्या मातीला मी गेले नाही, कारण सगळे म्हणाले जमणार नाही, आणि मी ऐकलं. तो शब्द मला या शाळेत परत ऐकायचा नाही. तुला येतं हे. काप."

टेगननं नाक ओढलं आणि कापलं. वीतभर नाही, हातभर एकदम. जमिनीवर पडलं ते, आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वॉरनची गाडी आली.

तो तणतणत दाराशी आला. मी आडवा. खरं सांगतो, माझ्या जिभेवर जे होतं ते छापण्यासारखं नव्हतं. पण भांडू नकोस म्हणाली होती. मी म्हटलं, "सॉरी मेट, व्हिजिटर्सना बंदी आहे."

"मी चेअरमन आहे!"

"स्टाफ आणि विद्यार्थी सोडून कुणीही आत नाही. दारावरच्या नोटिशीवर तुमचीच सही आहे, वॉरन. नो वरीज, खिडकी उघडी आहे, तिथून बोला."

आणि तो गेला की हो खिडकीशी! शंभर टक्के नियमाचा माणूस, स्वतःचा नियम कसा मोडणार? काचेच्या त्या भिंतीतली एक खिडकी उघडी होती, तिच्यातून डोकं घालून तो म्हणाला, "आयव्ही, हे आत्ताच्या आत्ता थांबव."

समोर सगळा स्टाफ चादरी गुंडाळून बसलेला, प्रत्येकाचं अर्धं डोकं झालेलं. सुतारमास्तर तर एका बाजूनं बँक मॅनेजर आणि दुसऱ्या बाजूनं मेंढी. आयव्हीचे उजवीकडचे केस हनुवटीपर्यंत, डावीकडचे अजून मांडीवर. तिनं मान वळवली नाही, कारण ग्लेनिस ओरडली असती.

"अशा अवस्थेत थांबवू, वॉरन? सगळ्यांना असंच घरी पाठवू?"

कुणीतरी फस्सकन हसलं. वॉरन लाल झाला. "यात तुझी नोकरी जाईल. कळतंय ना तुला?"

"कळतंय," आयव्ही म्हणाली. "टेगन, डावी बाजू राहिलीय."

मी टेगनच्या हाताकडे बघत होतो. चेअरमन खिडकीत, ट्रेनर शेजारी, प्रिन्सिपलची नोकरी तिच्या कात्रीखाली. हात जरासुद्धा थरथरला नाही. ती एकेक बट ओढून, ताणून, मापून कापत गेली, आणि वॉरन बघत राहिला. निघून जायचं त्याला सुचलंच नाही.

झाल्यावर ग्लेनिस पुढे आली. कंगवा फिरवला, दोन्हीकडची टोकं हनुवटीखाली ओढून जुळवली, मागे जाऊन वाकून पाहिलं, परत जुळवली. मग म्हणाली, "कॉम्पिटंट." म्हणजे पास. टेगन तिथेच खाली, त्या केसांच्या ढिगात बसली आणि ढसाढसा रडली. आयव्हीनं चादर झटकली, मान इकडून तिकडे हलवून पाहिली आणि कोपऱ्यातला झाडू घेऊन स्वतःचे केस स्वतः गोळा केले. पोरींना हात लावू दिला नाही.

सगळ्या पोरी पास झाल्या. टेगन डिसेंबरात बेलकॉनेनच्या सलूनला लागली. आणि त्याच महिन्यात आयव्हीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते पुढे वाढवलं नाही. कारण काय, तर 'शाळेला नव्या नेतृत्वाची गरज'. वॉरननं मला फोन करून प्रिन्सिपल होशील का विचारलं. मी त्याला जे काही ऐकवलं त्यातलं निम्मं पुणेरी होतं, पण सूर त्याला कळला असणार. फोन आपटून तडक आयव्हीच्या घरी गेलो. ती नाताळच्या करंज्या लाटत होती, कापलेले केस कानामागे खोचून.

"त्याला नाही सांगून आलो," मी छाती काढून सांगितलं.

तिनं लाटणं खाली ठेवलं. "गाढव आहेस तू उल्हास. तुला काय वाटलं, मी टाळ्या वाजवीन? तू नाही म्हटलंस तर वॉरन कुणीतरी क्विझवाला आणून बसवेल. फेब्रुवारीत नव्या पोरी येणारेत, त्यांचं काय? फोन कर त्याला. माफी माग हवं तर."

"माफी? मी?"

"हो, तू. मला खुर्ची गेल्याचं काही नाही. पण कोर्स गेला तर मात्र मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"आणि तू काय करणार?"

"आधी वसईला जाणार," ती म्हणाली. "आईला भेटायचं राहिलंय."

मी फोन केला. माफीसुद्धा मागितली, जिभेवर येत नव्हती, पण मागितली. फेब्रुवारीत बोर्डाची पहिली मीटिंग झाली, तेव्हा वॉरननं चष्मा पुसत विचारलं, "हेअरड्रेसिंगचं काय करायचं, उल्हास? बंद करायला हीच वेळ बरी."

मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "यंदा पोरी जास्त आल्यात, वॉरन. तीन खुर्च्या कमी पडतायत."