न भिजवणारं पाणी

मुलांनो, काल चहाच्या पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले आणि तेवढ्यात मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, मीपण पाणीच उकळतेय," ती म्हणाली आणि तिने मला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. त्यावर नुसते निळे ठिपके थरथरत होते. तिचं सगळं संशोधन असं सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आभासी प्रयोगांवरच चालतं. त्याला ना भांडं लागतं, ना आच.

"किती वेळ लागेल गं?"

"दोन-तीन आठवडे. एकेका रेणूकडे लक्ष द्यावं लागतं."

कॉलेजात आम्ही थर्मामीटरकडे टक लावून बसायचो, पण रेणू काही दिसला नाही. मला तिचा हेवा वाटला. मग त्याहून जास्त हेवा वाटला त्या ठिपक्यांचा. माझ्याशी बोलतानाही तिची नजर त्यांच्यावरच होती. जे पाणी कुणाचं बोटही भिजवत नाही, त्याच्यापाशी ही पोर आठवडेच्या आठवडे बसते.

"तुझं पाणी उकळलं असेल, आजी. चहा कर, मी फोन ठेवते."

"कुठलं उकळतंय इतक्यात? बोल तू," मी म्हटलं आणि फोनच्या आडून हळूच गॅस बंद केला.