स्लाऊच्या लायब्ररीतले पेन्सिलीचे शेरे

आम्ही इंग्लंडमधल्या स्लाऊला राहायला गेलो तेव्हा माझ्या नावावर एक कथासंग्रह होता आणि पासपोर्टवर 'डिपेन्डन्ट' असा शिक्का. दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. नवरा सकाळी पावणेआठच्या ट्रेननं मेडनहेडला ऑफिसला जायचा, तो संध्याकाळी सातला उगवायचा. मधले अकरा तास घरात मी आणि बॉयलर. त्यातला बॉयलर तरी मधूनमधून बोलायचा.

"लिहायला निवांत वेळ मिळेल हो तुला," असं पुण्यात सगळ्यांनी सांगितलं होतं. मिळाला की, डोंबलाचा वेळ! पण लिहून दाखवायचं कोणाला? नवऱ्याला गोष्ट वाचून दाखवली की तो "छान आहे गं" म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज परत वाढवायचा. आईला फोन केला की अर्धं कॉलिंग कार्ड तब्येतीच्या चौकशीतच संपायचं. मला एक वाचक हवा होता. एकच. मराठी वाचणारा आणि माझ्याशी लग्न न झालेला. तो मिळाला नाही तर आपलं लिहिणं सुटणार, ही भीती मला रोज कुरतडायची. सहा महिन्यांत मी सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

शेवटी गावातली लायब्ररी गाठली. तिथे पंजाबी आणि उर्दूची कपाटंच्या कपाटं होती. मराठी पुस्तकं अगदी खालच्या फळीवर, गुजरातीच्या शेजारी, तीस-चाळीस असतील नसतील. ती बघायला जमिनीवर बसकण मारावी लागे. तिथेच मला पहिला शेरा सापडला. एका जुन्या कादंबरीत नायिका नवऱ्याचे पाय धरून रडते, त्या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मूर्ख आहेस. ऊठ."

मी मोठ्यांदा हसले. आपल्याकडे लायब्ररीच्या पुस्तकात एक जण "वा!" लिहितो, त्याखाली दुसरा "वा काय वा?" लिहितो आणि तिसरा दोघांची अक्कल काढतो. ती वाचायची मजा पुस्तकाहून जास्त असते. पण इथे, इंग्लंडात, ही कोण बाई एवढी बिनधास्त? अक्षर बाईचंच होतं, गोल आणि ठाम. मी इकडेतिकडे बघितलं, पर्समधून पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, "ती कसली उठतेय! पुढचं प्रकरण वाचा."

मग मी ती फळीच वाचायला घेतली. बाई पानापानावर होती. "लेखकाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही." "हे खरं आहे. अगदी खरं." आणि एका पाककृतींच्या पुस्तकात, शेवटच्या कोऱ्या पानावर, "घरात ओव्हन आहे, तरी नानकटाईला तडे जात नाहीत. कोणी सांगेल का?"

कोणी सांगेल का! अहो, मी सांगते ना! पण सांगणार काय, कपाळ? मला तरी कुठे येत होती? आमच्याकडे नानकटाई घरी भाजतच नसत. रवा, मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर जायचं, आणि भट्टीवाल्यानं आपल्या तुपाऐवजी डालडा ढकलू नये म्हणून आईनं तिथे स्टुलावर ठाण मांडून बसायचं. आई तुपावर नजर ठेवायची, मी भट्टीशेजारच्या मांजरावर. कृती दोघींनीही बघितली नाही.

मग मी कंबर कसली. पहिली खेप दगड झाली. दुसरी ट्रेभर पसरली. तिसरीनं स्मोक अलार्म वाजवला. नवरा बिचारा सगळं खायचा आणि म्हणायचा, "बिस्किट म्हणून वाईट नाही." पाचव्या खेपेला तूप तळहातानं पांढरं होईस्तोवर फेसलं, चिमूटभर सोडा घातला, ओव्हन आधी नीट तापवला आणि गोळे अजिबात दाबले नाहीत. काचेतून बघत उकिडवी बसले होते. तडे गेले! स्वयंपाकघरात एकटीच नाचले मी.

दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या पानावर वाटीच्या मापासकट सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "जमली की कळवा. वाट बघते."

चार महिने वाट बघितली. मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन पानं उलटायची. उत्तर नाही. बाकीच्या शेऱ्यांखालीही मी लिहीत गेले, तिथेही नाही. 'शिष्ट मेली,' म्हणून चरफडत घरी यायची. पण एक झालं होतं. मी परत लिहायला बसत होते. लिहिताना वाटायचं, ही वाचेल, आणि कुठे रडारड केली तर समासात दटावेल.

शेवटी न राहवून काउंटरवरच्या बाईला विचारलं, ही पुस्तकं अजून कोण नेतं? तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. टाय लावलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. समोर पाककृतींचं पुस्तक.

"काका, तुम्ही मराठी?"

ते उठून उभेच राहिले. "पेन्सिलवाल्या त्या तुम्हीच का?"

शेरे त्यांच्या बायकोचे होते. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. पुस्तकंही तिचीच, तिच्यामागे त्यांनी ती लायब्ररीला दिली होती. "मी वाचणारा माणूस नाही हो," ते म्हणाले. "जन्म फॅक्टरीत गेला. अक्षर बघायला येतो. पुस्तकं घरात ठेवली असती तर रोज बघावं लागलं असतं."

माझी वाचक मी विमानात बसायच्या आधीच गेली होती. आणि मी वेडी समजत होते की ती सगळ्यांसाठी लिहितेय. ती घरातली पुस्तकं होती. त्या घरात मराठी वाचू शकणारं दुसरं माणूस एकच होतं, आणि ते माझ्यासमोर उभं होतं.

"आणि मी लिहिलेलं?" मी विचारलं.

"सगळं वाचलं."

माझा तोल गेला. "मग चार महिने गप्प का बसलात? नुसतं 'हो' लिहायला काय झालं होतं?" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

"तीस वर्षांत तिला उत्तर दिलं नाही," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला कोणत्या तोंडानं देणार?"

माझी जीभ झडली तर बरं, असं झालं. मी समोरच्या खुर्चीत बसले. तेही बसले. पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "तुम्ही बाकी काही लिहिता का? काय लिहिता?"

या देशात आल्यापासून हे मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

"सावकाश सांगा," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "या वेळी ऐकतो."